भाडं थकवणाऱ्याकडून घराचा ताबा कसा घ्यायचा: एका निवृत्त बेलिफचं सांगणं

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. दाव्याचं समन्स घेऊन भाडेकरूच्या दारात पहिल्यांदा जाणारा मी, आणि निकाल लागल्यावर ताब्याचं वॉरंट घेऊन त्याच दारात उभा राहणाराही मीच. मधली वर्षं वकिलांची आणि तारखांची. या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. घरमालक भाड्याचा दावा कोर्टात हरतो असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा तो कोर्टाची पायरी चढायच्या आधीच हरलेला असतो. नोटीस भलत्याच्या नावाने गेलेली, हिशेब तोंडी, भाडेकरूने पाठवलेली मनिऑर्डर रागाने परत केलेली, आणि वर दाराला स्वतःचं कुलूप ठोकलेलं. मग वकील कितीही हुशार असो.

मी सांगतोय ते महाराष्ट्रापुरतं आहे. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो, ३१ मार्च २००० पासून. पुढे दुसऱ्या कायद्याचं नाव न घेता नुसतं "कलम" म्हटलं की ते याच कायद्याचं. त्याआधी १९४७ चा मुंबईचा कायदा होता आणि त्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर एक महिना थांबावं लागायचं. वाड्यातली जुनी मंडळी अजून "महिन्याची नोटीस देतो बघ" म्हणतात. तो महिना गेला, आता नव्वद दिवस आहेत.

आधी कागद कोणता ते बघा

कुणी मला विचारलं की भाडेकरू पैसे देत नाही, बाहेर कसा काढू, तर मी उलट विचारतो, तुमच्याकडे कागद काय आहे? कारण रस्ते दोन आहेत आणि ते पहिल्या पावलालाच वेगळे होतात. वर्षानुवर्षं भाडेपावती देत आला असाल, तर समोरचा भाडेकरू आहे, त्याला भाडे नियंत्रणाचं पूर्ण संरक्षण आहे आणि तुमचं काम लघुवाद न्यायालयात. मुंबई-पुण्यात त्याला सगळे स्मॉल कॉज म्हणतात. जिथे असं कोर्ट नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे. अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि जागा राहायची असेल, तर समोरचा लायसन्सी आहे, म्हणजे भाडेकरू नव्हे, नुसत्या परवानगीवर राहणारा, आणि तुमचं काम सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकायला याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तो रस्ता बराच जवळचा.

काहीच कागद नसेल तर? कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायचा असतो, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तुम्ही म्हणाल आठ हजार भाडं ठरलं होतं, तो म्हणेल अडीच हजार. बँकेतल्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे संदेश, सोसायटीला दिलेली माहिती, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, असं जे सापडेल ते गोळा करा.

आणखी एक अपवाद. भाडेकरू बँक असेल, सरकारी उपक्रम असेल किंवा एक कोटी वा जास्त भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोटीस देऊन भाडेपट्टा संपवायचा आणि थेट दावा करायचा.

कुलूप, वीज आणि पाणी

यांना हात लावायचा नाही. कलम २९ मध्ये पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई या सगळ्याला अत्यावश्यक सेवा म्हटलंय आणि त्या तोडणाऱ्या मालकाला शिक्षा आहे. भाडं दोन वर्षांचं थकलेलं असलं तरी. भाडेकरू कोर्टात अर्ज करून सेवा पूर्ववत करून घेतो, आणि तुमच्या थकबाकीच्या प्रकरणात त्या दिवसापासून तुम्ही छळणारे मालक ठरता.

कुलपाचं तर विचारूच नका. भाडेकरू गावाला गेला म्हणून त्याचं सामान व्हरांड्यात काढून कुलूप बदलणारे मालक मी पाहिलेत. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे असा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच उठत नाही. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला एवढं दिसलं की कोर्ट ताबा परत देतं. मग बेलिफ तुमच्याच दारात येतो, भाडेकरूला आत बसवायला.

हिशेब

एक साधी वही घ्या. महिना, ठरलेलं भाडं, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, कशाने मिळाली, पावती क्रमांक. थकबाकीचा पहिला महिना कोणता हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. "साधारण दीड-दोन वर्षांचं बाकी आहे" हे वाक्य उलटतपासणीत टिकत नाही.

दरसाल चार टक्के वाढ कायद्याने घेता येते, पण ती मागितलेली असावी लागते. आज बसून मागच्या पाच वर्षांची वाढ एकदम हिशेबात घुसडू नका; मागणीचा आकडा फुगवला की भाडेकरूच्या वकिलाला बोलायला जागा मिळते. सोसायटीचा मेंटेनन्स, पाणीपट्टी, वीजबिल हे कराराने त्याच्यावर असेल तर वेगळ्या रकान्यात दाखवा, भाड्यात मिसळू नका. आणि तीन वर्षांपेक्षा जुनं भाडं दाव्यात वसूल होत नाही, मुदतीचा कायदा आडवा येतो. त्यामुळे "बघू, बघू" म्हणत बसलेल्याचा प्रत्येक महिन्याला एक-एक महिना बुडत जातो.

पावती देणं हे कायद्याने बंधन आहे. रोख घेऊन पावती न देणारे मालक पुष्कळ आणि पुढे भाडेकरू "मी दर महिन्याला हातात देत होतो" म्हणतो तेव्हा चिडणारेही तेच.

नोटीस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कलम १५ सांगतं की थकलेल्या भाड्याची लेखी मागणी भाडेकरूला बजावल्यावर नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत थकबाकीच्या कारणावर ताब्याचा दावाच लावता येत नाही. नव्वद दिवस मोजायचे ते नोटीस त्याला पोचल्या तारखेपासून, तुम्ही पोस्टात टाकल्या तारखेपासून नव्हे. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दाखल केलेला दावा अकाली म्हणून जातो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नोटीस वकिलाकडूनच द्या, पण मजकूर स्वतः वाचा. नाव, जागेचं वर्णन आणि आकडा या तीन गोष्टी तुमच्याइतक्या वकिलाला माहीत नसतात. साधारण असा मजकूर हवा:

"आपण वर वर्णन केलेली मिळकत दरमहा रुपये ३,२०० भाड्याने वापरत आहात. आपण अमुक महिन्यापासून अमुक महिन्याअखेर एकूण चौदा महिन्यांचे भाडे रुपये ४४,८०० वारंवार मागणी करूनही दिलेले नाही. ही नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सदर रक्कम द्यावी. न दिल्यास आपल्याविरुद्ध ताबा व थकबाकी वसुलीसाठी दावा दाखल केला जाईल."

दमदाटी, शिव्याशाप, "तुमचं सामान फेकून देऊ" असलं काही नको. ती नोटीस पुढे न्यायाधीश वाचतात.

नाव कोणाचं? वाड्यातल्या जुन्या जागांत पावती आजोबांच्या नावाची असते आणि आजोबा कधीच वारलेले. मयताच्या नावाने काढलेल्या नोटिशीला किंमत शून्य. मूळ भाडेकरू गेला की त्याच्याबरोबर राहणारे कुटुंबीय भाडेकरू होतात, तेव्हा आत खरोखर कोण राहतं ते आधी शोधा आणि त्या सगळ्यांना नोटीस द्या. तुमच्या बाजूलाही तेच. घर भावाभावांत सामाईक असेल तर एक सहमालक दावा करू शकतो, पण बाकीच्यांची लेखी संमती घेऊन ठेवलेली बरी. भाडेकरू नाराज भावाकडे जाऊन त्याच्याच सहीची पावती आणल्याशिवाय राहत नाही.

आता बजावणी. हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये रीत दिली आहे: नोटिशीवर देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने कुणाची सही हवी, मग ती टपालाने पाठवा, किंवा स्वतः भाडेकरूच्या हातात द्या, किंवा त्याच्या राहत्या जागी कुटुंबातल्या माणसाला वा नोकराला द्या, आणि यातलं काहीच जमत नसेल तर मिळकतीच्या ठळक भागावर चिकटवा. टपालाने पाठवाल तर पोचपावतीसह, आणि भाडेकरू राहतो तो पत्ता व नोकरी-दुकानाचा पत्ता, दोन्हीकडे. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका. बंद पाकीट तसंच वकिलाकडे द्या, कोर्टात ते बंदच दाखवायचं असतं. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल नाकारलं तर बजावणी झाली असंच कोर्ट धरतं. "घर बंद" असा शेरा आला तर मात्र तेवढ्यावर विसंबू नका, लगेच चिकटवायची तयारी करा.

चिकटवताना शेजारपाजारचे दोन पंच घ्या, शक्यतो तुमचे नातेवाईक नसलेले. दाराच्या फळीवर चौकटीच्या उंचीला, कडी-कोयंड्याच्या वर, चारही कोपऱ्यांना डिंक. पावसाळ्यात नुसती टाचणी मारलेला कागद संध्याकाळपर्यंत जिन्यात पडलेला असतो. घराचा नंबर आणि कागद दोन्ही एका फोटोत येतील असं उभं राहा. मग तिथेच पंचनामा लिहा: तारीख, वेळ, दार बंद होतं की कुणी नकार दिला, कुठे चिकटवली, पंचांच्या सह्या आणि पत्ते. घरी येऊन दुसऱ्या दिवशी लिहिलेला पंचनामा ओळखू येतो, मी सांगतो तुम्हाला.

नव्वद दिवसांत काय करायचं

बहुतेक मालक इथे घसरतात. नोटीस मिळाल्यावर भाडेकरू दोन महिन्यांचं भाडं मनिऑर्डरने पाठवतो. मालक म्हणतो, सगळं दे नाहीतर काही नको, आणि परत करतो. मग कोर्टात भाडेकरू परत आलेल्या मनिऑर्डरींची चळत टेबलावर ठेवतो: साहेब, मी द्यायला तयार होतो, हेच घेत नव्हते. कलम १५ च्या पहिल्याच ओळीत आहे की भाडेकरू भाडं देत असेल किंवा द्यायला तयार आणि राजी असेल तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. घ्यायला नकार देऊन तुम्ही त्याची ती तयारी त्याच्या वतीने सिद्ध करून देता.

पैसे घ्या. पावती द्या. पावतीवर "नोटिशीतील हक्क अबाधित ठेवून, थकबाकीपोटी अंशतः" असं लिहा आणि कोणत्या महिन्यांचे ते लिहा. नव्वद दिवसांत त्याने सगळं चुकतं केलं तर या नोटिशीवर दावा होणार नाही, हे खरं. पण तुमचे पैसे आले.

दावा आणि त्यातली मेख

नव्वद दिवस झाले, पैसे आले नाहीत, दावा लागला. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती ऐकून मालकांचा चेहरा उतरलेला मी पाहिलाय. समन्स मिळाल्यापासून पुन्हा नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढे दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होत नाही. म्हणजे पैसे मिळतात, घर नाही. म्हणून भाडेकरूने पहिल्यांदा भरलं तरी नंतरच्या प्रत्येक महिन्यावर तुमची नजर हवी. भरणा चुकला की वकिलाने त्याच तारखेला कोर्टाच्या नजरेस आणायचं. कोर्टात जमा झालेली रक्कम अर्ज करून काढून घेता येते, ती तिथे कुजत ठेवायचं कारण नाही.

याच कारणाने एकट्या थकबाकीवर दावा उभा करू नये. कलम १६ मधली इतर कारणं खरी असतील तर त्याच दाव्यात घ्या: पोटभाडेकरू ठेवलाय, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलंय, शेजाऱ्यांना उपद्रव आहे, दाव्याआधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाविना वापरलेली नाही, किंवा तुम्हाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज आहे. गरजेच्या कारणात कोर्ट दोघांपैकी कोणाची अडचण मोठी हेही तोलून बघतं, म्हणून मुलाचं लग्न ठरलंय असं मोघम लिहून भागत नाही. ही कारणं पैसे भरून मिटत नाहीत. पण खोटं कारण घालू नका. एक खोटं पकडलं गेलं की खरी थकबाकीही संशयात जाते.

कागद: मालकीचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, भाडेपावत्यांची स्थळप्रत, करपावती, नोटिशीची प्रत, पोच किंवा परत आलेलं पाकीट, पंचनामा, आणि ती हिशेबाची वही.

समन्सचा भत्ता वेळेत भरा आणि बेलिफला घर दाखवायला स्वतः जा किंवा माणूस पाठवा. न भरलेल्या भत्त्यामुळे तारखांवर तारखा जातात आणि दोष कोर्टाला. समन्सची रीत नोटिशीहून वेगळी आहे. तुमची नोटीस नोकराला देता येते, कोर्टाचं समन्स नोकराला देऊन चालत नाही. भाडेकरू स्वतः नसेल तर कुटुंबातला प्रौढ माणूसच लागतो, बाई असो की पुरुष. भाडेकरू मुद्दाम टाळत असेल तर दारावर डकवायचं, आणि तरीही होत नसेल तर वकिलाने जाहीर समन्सचा अर्ज करायचा.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर

हे त्यामानाने लवकर सांगून होतं. राहत्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघत नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं, "खरं तर मी भाडेकरू आहे" हा बचाव तिथे फारसा चालत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसन्सीने शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं त्याने कबूल केलं असं धरून निष्कासनाचा, म्हणजे त्याला जागेबाहेर काढण्याचा, हुकूम होतो. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. ती अर्जात स्पष्ट मागा.

दोन सावधगिरी. कलमाची भाषा मुदत संपण्याची आहे. अकरातला सातवा महिना चालू आहे आणि फी थकली, तर करारातलं रद्द करण्याचं कलम वाचून लेखी नोटिशीने लायसन्स संपवा, आणि उरलेले महिने डिपॉझिटमधून भागत असतील तर मुदत संपायची वाट पाहणं अनेकदा स्वस्त पडतं. म्हणूनच डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या फीपेक्षा कमी घेऊ नये असं माझं मत. दुसरी, मुदत संपल्यावर तो नेहमीप्रमाणे फी खात्यात टाकत राहिला आणि तुम्ही गप्प बसलात तर "करार पुढे वाढवला" असं तो म्हणणार. घेतलेली रक्कम नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून घेतली आहे, हे त्याला लगेच लिहून कळवा.

दुकानाचा गाळा लायसन्सवर दिला असेल तर हा रस्ता नाही, कोर्टातच जावं लागतं.

निकालानंतर

हुकूमनामा हातात आला म्हणजे ताबा आला नाही. भाडेकरूला अपिलासाठी तीस दिवस आहेत. तुम्ही अपील कोर्टात कॅव्हेट घालून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं, संपलं की पुन्हा घाला. मग दरखास्त. हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे दरखास्त, हा वेगळा अर्ज आणि त्याला वेगळा नंबर.

ताब्याच्या दिवशी बेलिफ येतो तेव्हा तुमच्याकडे काय हवं? जागा ओळखणारा माणूस, दोन पंच, हमाल, आणि घर बंद असण्याची शक्यता असेल तर कुलूप तोडायचा कोर्टाचा आदेश आधीच मिळवलेला. कुलूपवाला तुम्ही आणायचा, पण आदेशाशिवाय तो हातोडी उचलणार नाही आणि बेलिफही उचलू देणार नाही. विरोध होईल असं वाटत असेल तर पोलीस बंदोबस्ताचा अर्ज आधी करा, त्याची फी भरा, आणि घरात बायका असतील तर महिला पोलीस मागा. सकाळी लवकर निघा. दुपारी चारला सुरू केलेला ताबा अर्ध्यात राहतो.

शेवटच्या क्षणी दारात एक नवीन माणूस उभा असतो. मेहुणा, पुतण्या, कधी नुसताच मित्र: "मी इथे स्वतंत्र राहतो, माझ्यावर हुकूमनामा नाही." त्याच्याशी वाद घालू नका, ढकलाढकली तर नकोच. बेलिफ अडथळ्याचा अहवाल लिहितो, तुमचा वकील अडथळा दूर करण्याचा अर्ज करतो आणि त्या माणसाचा हक्क त्याच दरखास्तीत तपासला जातो, वेगळा दावा लागत नाही.

ताबा मिळाला की आत राहिलेल्या सामानाची यादी भांड्याकुंड्यांसकट करून घ्या, पंचांच्या सह्या घ्या आणि बेलिफच्या ताबा पावतीवर स्वतः सही करण्याआधी प्रत्येक खोली, माळा आणि मोरी उघडून बघा. एखादी खोली बंद राहिली तर ताबा अपुरा लिहिला जातो. वीजमीटरचं वाचन पावतीत लिहून घ्या, त्याच दिवशी नवीन कुलूप लावा, आणि थकलेल्या बिलासाठी वीज कंपनीला व सोसायटीला ताबा पावतीची प्रत जोडून पत्र द्या. पैशाच्या वसुलीची दरखास्त अजून बाकी असेल तर ती ताब्याबरोबर निकाली काढू नका, वकिलाला सांगून चालू ठेवा.